गृहीत धरलेलं बोलावणं

महाड
१९ जून १९९६

अनिश,

मायना काय घालावा ते ठरेना, म्हणून नुसतं नाव लिहिलंय. चारचौघांत ‘अहो’ आणि पत्रात ‘अरे’ हे आपलं ठरलेलं होतं, तेवढं मी अजून पाळते.

तुझं कार्ड काल मिळालं. पोस्टकार्ड पाठवलंस ते फार उत्तम केलंस. आधी पोस्टमननं वाचलं, मग कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत कळलं, आणि मी क्लासवरून घरी पोचते तर रंगूबाई दारातच. हातातला झाडू खाली न ठेवता म्हणाल्या, “काय गो बाय, सामान येतंय म्हनं तुजं?” बाबा ओटीवर पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं, एवढंच.

“तुझे इथले सामान पाठवून देऊ का? कळव.” बस. लग्नाला दीड वर्ष झालं आणि तू मला एवढंच लिहिलंस. बँकेच्या नोटिशीत याहून जास्त शब्द असतात रे.

तू ज्याला ‘तो क्लास’ म्हणतोस, त्यात मी सध्या विधान आणि गृहीतकं शिकवतेय. बँकांच्या भरतीला हा प्रश्न हमखास असतो. एक वाक्य द्यायचं, खाली दोन गोष्टी द्यायच्या, आणि विचारायचं की बोलणाऱ्यानं यातली कुठली न बोलता धरलेली आहे. तुझं कार्ड त्यात फिट्ट बसतं. विधान: सामान पाठवून देऊ का. पहिलं गृहीतक: शुभदा फलटणला परत येणार नाही. दुसरं: तिला सामानाची गरज आहे. मी मुलांना एक साधी युक्ती सांगते. गृहीतक उलटं करून पाहा. उलटं केल्यावर वाक्य कोसळलं, तर ते धरलेलं होतं. शुभदा परत येणार आहे असं मानलं की तुझ्या वाक्यात काही उरत नाही. म्हणजे तू काय धरून बसला आहेस ते उघड आहे.

नवीन काय म्हणा त्यात. बँकेत बढती मिळाली, महाडहून फलटणची बदली आली, तू जाऊन खोली बघून आलास आणि जेवताना सांगितलंस, “रविवारी ट्रक येतोय.” माझ्या मुलांना जिन्यातच अडवून सांगितलंस की बाईंचा क्लास संक्रांतीपर्यंतच. मला आमटी वाढता वाढता कळलं. मी नको म्हणाले असते की हो, हा पुढचा प्रश्न होता. तू विचारलंच नाहीस.

सामानाची घाई नाही.

परवापासून अधिक महिना लागलाय. तुला कळवायचं असं काही नाही, सहज लिहिलं.

शुभदा


पोलादपूर
२५ जून

अनिश,

तुझं उत्तर नाही. मी वाट पाहत नव्हते, पण पोस्टमन रोज आमच्या दाराशी येऊन मान हलवतो आणि पुढे जातो, त्यामुळे माझ्या लक्षात येतं.

आज मंगळवार, म्हणजे पोलादपूरची बॅच. हे पत्र वर्गातच लिहितेय, मुलं उतारा सोडवतायत. गावोगावची आहेत, कुणी डोंगरावरून चालत येतं. त्यांना आज एक प्रश्न दिला. विधान: एसटी स्टँडवर पाटी लावली आहे, ‘प्रवाशांनी रांगेतच चढावे.’ गृहीतक: प्रवासी पाटी वाचतील.

शुभम म्हणून पाचाडचा एक आहे, वडिलांची गडाखाली खानावळ आहे. सध्या मामाकडे राहतो. तो उठला. “बाई, ह्ये धरता येनार नाय. पाटी कुनीबी वाचत नाय. मी सोता वाचत नाय.”

सगळा वर्ग हसला. मलाही हसू आलं, पण त्याला सांगितलं, स्टँडवर काय होतं ते विचारलेलं नाही. पाटी लावणाऱ्याच्या डोक्यात काय होतं ते विचारलंय. लोक वाचणार नाहीत असं त्याला वाटलं असतं, तर त्यानं रंग कशाला फुकट घालवला असता? गृहीतक खरं असायला लागत नाही. बोलणाऱ्यानं ते धरलेलं असलं की झालं.

मग मला अवदसा आठवली. मी फळ्यावर लिहिलं: एका घरमालकानं निघून गेलेल्या भाडेकरूला लिहिलं, ‘तुमचे सामान पाठवून देऊ का?’ आता सांगा, मालकानं काय धरलंय?

शुभमनं लगेच सांगितलं, “भाडेकरू परत येनार नाय, ह्ये धरलंय.” अगदी माझ्यासारखं. मी बरोबरची खूण करणार तेवढ्यात अपेक्षा उठली. ती एरवी तोंड उघडत नाही. “पन बाई, तसं पक्कं ठावं असतं तर धाडूनच दिलं असतं ना मालकानं? इचारलान कशाला?”

झालं, वर्गाचे दोन तट पडले. एक म्हणतो मालकाला खोली रिकामी हवी, दुसरा म्हणतो मालकाला उत्तर हवं. मी दोघांनाही गप्प केलं आणि उताऱ्याला लावलं. पुस्तकात उत्तर नव्हतं, कारण प्रश्न पुस्तकातला नव्हताच.

तुला कशासाठी सांगतेय? उगाच. इथे वेळ जात नाही. पाऊस सारखा, गाडी उशिरा, डोकं रिकामं. फलटणला पाऊस नसेलच. तिथे असताना दोन महिने मी खिडकीतून रस्ता बघत बसले. रिकामं बसून माणूस थकतं, हे मला तिथे कळलं. पाडव्याला महाडला येताना आठ दिवसांसाठी म्हणून निघाले, ते परतले नाही. का, ते तुला न सांगता कळायला हवं होतं.

तिकडे रात्री खोकला येतो का अजून? काढा घे. न घेतलास तरी मला काय.

शुभदा


महाड
२ जुलै

अनिश,

घरात काय चाललंय ते लिहीत नाही. तुला ठाऊक असलेलं पुन्हा कशाला सांगायचं.

तरी एवढं सांगते. काल बाबा बाजारातून स्वतः तांदूळ घेऊन आले. जुना तांदूळ, गूळ, खसखस, आणि तूप चांगलं मोठ्या बरणीत. बाबा, ज्यांनी आई गेल्यापासून स्वयंपाकघराचा उंबरा चहापुरताच ओलांडला! पिशवी रंगूबाईंच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, “अनारशांचं बघा.” पुढे एक शब्द नाही. जन्म कोर्टात शिरस्तेदारी करण्यात गेला. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, आणि विचारलं तरी गरजेपुरतंच, ही त्यांची सवय तुला माहीत आहे.

अधिक महिन्यात अनारसे कुणासाठी करतात ते मी तुला सांगायला नको. लग्नानंतरचा पहिलाच अधिक. या महिन्यात ज्या घरी जावयाला वाण दिलं नाही, त्या घराकडे आमच्या आळीत कसं बघतात तेही सांगायला नको. बोलावणं सासऱ्यानं करायचं असतं, त्यात मुलीनं लुडबूड करायची नसते. मी काही विचारलं नाही आणि बाबांनी काही सांगितलं नाही. आमचं छान चाललंय.

रंगूबाई मात्र एकदम जोरात आहेत. तांदळाचं पाणी बदलताना मला ऐकू जाईल अशा बेतानं पुटपुटतात, “आइतवारी तलायला घेते. जावयबापूंना गूळ चालतो ना गो जास्ती?” मी म्हटलं, चालतो. नको म्हणायचं काय कारण?

आंबेनळी घाटात दरड आली आहे असं ड्रायव्हर लोक सांगतात. घाटावरून कुणी इकडे यायचं झालं तर भोरकडून यावं, असं सगळ्यांचं म्हणणं. मी आपलं कानावर आलं ते कळवलं.

सावित्री भरून वाहतेय, पण पाणी अजून बाजारात शिरलेलं नाही. माझी क्लासची खोली वरच्या मजल्यावर, चवदार तळ्याच्या अंगाला, त्यामुळे चिंता नाही. रविवारी सकाळची बॅच मी रद्द केली आहे. मुलांना अभ्यासाला वेळ हवाच होता.

शुभदा


महाड
८ जुलै

श्री. अनिश यांस,

हे पत्र पूर्ण वाचा, कारण पुन्हा लिहिणार नाही.

काल रविवार होता. बाबांनी सकाळीच दाढी केली, बंद गळ्याचा कोट काढला आणि पावसाळ्याच्या उकाड्यात तो घालून ओटीवर बसले. रंगूबाई तुडीलहून पहिल्या गाडीनं आल्या. पहिले दोन अनारसे तुपात हसले, फुटून पसरले, पीठ मऊ झालं होतं. मग जाळी धरली. तेहतीस मोजून तांब्याच्या ताटात लावले, वर दिवा ठेवायला जागा ठेवली. पुरणाचे धोंडे केले. मी पोपटी साडी नेसले, ती धुतलेली वर होती म्हणून.

पुण्याची गाडी आली. मग साताऱ्याची आलीच नाही, घाट बंद. मग भोरची आली. स्टँडकडून छत्री घेऊन कुणी वळलं की बाबा पेपर खाली करायचे आणि पुन्हा वर धरायचे. शेजारच्या आवडीकाकू तीनदा वाटी मागायला आल्या. दुपार टळली. रंगूबाई म्हणाल्या, “आता जेवा, अन्नाला किती येळ ताटकलवायचं?” आम्ही जेवायला बसलो. बाबांनी आमटी-भात खाल्ला, पुरणाला हात लावला नाही. मला म्हणाले, “तू घे.” मी घेतलं.

बाबांनी तुमच्याबद्दल वाईट शब्द काढला नाही. बरासुद्धा काढला नाही. संध्याकाळी कोट घडी करून ठेवला आणि देवापुढचा दिवा त्यांनी स्वतः लावला. माझं सोडा हो, मी भांडकुदळ आहे, माझ्याशी वैर धरलंत तर ते समजतं. पण त्या माणसानं बोलावलं आणि तुम्ही येत नाही एवढंसुद्धा कळवलं नाहीत?

आता माझी गृहीतकं मोडली. तुम्ही याल, हे मी धरलं होतं. बोलले नव्हते, लिहिलं नव्हतं, पण धरलं होतं. उलटं करून बघायची वेळ काल आली आणि सगळं कोसळलं.

तुमच्या कार्डाचं उत्तर देते. सामान पाठवा. सगळं पाठवा.

शुभदा


पोलादपूर स्टँड
१२ जुलै, सकाळ

अनिश,

पुन्हा लिहिणार नाही म्हणाले होते. लिहितेय. घाटातली दरड काढतायत, गाडी केव्हा सुटेल ते कंट्रोलरलाही माहीत नाही. बसून बसून पाय आखडले, उठले की वाटतं जागा जाईल, म्हणून लिहितेय. अक्षर असंच येणार.

काल दुपारी तुझी तार आली. तार म्हटल्यावर अर्धी आळी आमच्या अंगणात. आवडीकाकूंनी तर डोळ्याला पदरच लावला. बाबांनी उघडली, वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली आणि माझ्या हातात दिली. “बोलावणे मिळालेले नाही. सामान शनिवारी टेम्पोने पाठवतो.”

मी लोकांना वाटेला लावलं, दार लोटलं आणि बाबांपुढे उभी राहिले.

“तुम्ही त्याला काय लिहिलं होतंत?”

“मी? मी कशाला लिहू?” बाबा म्हणाले. “दर आठवड्याला तुझं पत्र जातं त्याला. मला वाटलं, तूच कळवलंस. नवरा-बायकोच्या मधे मी कशाला पडू?”

“अहो, पण रविवार तुम्ही ठरवलात ना?”

“मी नाही. रंगूबाईंनी सांगितलं रविवार. मला वाटलं, तू त्यांना सांगितलंस.”

आम्ही दोघं रंगूबाईंकडे वळलो. त्या कपडे वाळत घालत होत्या. “मला कोन सांगतंय?” त्या म्हणाल्या. “सोमवारी तांदूल आनलात तुमी. तीन दिस भिजवायचा, मंग सुकवायचा, कुटायचा, गूळ घालून मुरवायचा. आइतवारच येतो त्यो. मला वाटलं, तुमी बोलावनं धाडलाव म्हनून तांदूल आनलाव.” मग हातातला पिळा तसाच धरून त्यांनी विचारलं, “मंग बोलावलान कुनी त्याला?”

कुणीच नाही, अनिश. कुणीही तुला बोलावलं नाही. तारीख तांदळानं ठरवली. बाबांनी धरलं की मी लिहिलं, मी धरलं की बाबांनी लिहिलं, आणि तेहतीस अनारसे तळून आम्ही तिघं एका न बोलावलेल्या माणसावर रागावलो. मी तर तुला पत्र लिहून घाट बंद असल्याची बातमी दिली, कुठून यायचं ते सांगितलं, आणि ये हा एक शब्द काही लिहिला नाही. क्लासमध्ये फळ्यासमोर उभी राहून गावातल्या पोरांना शिकवते मी!

मी हसायला लागले. हसता हसता रडायला आलं. बाबा घाबरले. म्हणाले, “मी जातो. आत्ता निघतो, त्याला रीतसर बोलावून आणतो.” त्यांनी कोटाला हातही घातला. मी म्हटलं, नको. तुम्ही गेलात की तो तुमच्या मानासाठी येईल, जेवेल, वाण घेईल, आणि आम्ही दोघं पुन्हा काही न बोलता एकमेकांसमोर बसू. विचारायचं मला आहे.

“एकटी जाणार? न्यायला कुणी आलेलं नसताना?” बाबांनी विचारलं. इथल्या मुली अशा जात नाहीत, हे मलाही माहीत आहे. सासरचं कुणी न्यायला आलं, नाहीतर माहेरचं कुणी पोचवायला निघालं, की मगच. मी हो म्हटलं. बाबांनी कोट परत जागेवर ठेवला. मग म्हणाले, “स्टँडपर्यंत येऊ ना?” पहाटे भर पावसात आले. छत्री माझ्यावर धरली आणि स्वतः भिजले. गाडी हलल्यावर खिडकीशी येऊन म्हणाले, “त्याला सांग, मी रागावलो होतो. आता नाही.” आयुष्यात पहिल्यांदा न विचारता बोलले असतील.

गाडी सुटतेय म्हणतायत.


वाई स्टँड, दुपार

घाट ओलांडला. एका वळणावर सगळ्यांना उतरवून चालत पुढे नेलं, चिखलात चप्पल गेली ती गेलीच. समोरच्या दुकानातून रबरी घेतली आहे, हिरवी. हसू नकोस.

फलटणची गाडी लागली आहे. बँक बंद व्हायच्या आत पोचले तर आजच, नाहीतर उद्या सकाळी, तुझा टेम्पो निघायच्या आधी. हे पत्र पेटीत टाकणार नाही. पोचेल असं धरून आता काहीही टाकायचं नाही.

तेव्हा धरायला काही न ठेवता लिहिते. मला तुझी आठवण येते. रागासकट येते, पण येते. मला तुझ्याशी संसार करायचा आहे. क्लास मी बंद करणार नाही, कारण ती मुलं दरड ओलांडून येतात आणि मला तिथे उभं राहिलं की मी जिवंत आहे असं वाटतं. तू बदली मागून महाडकडे ये असं माझं म्हणणं आहे. नसेल मिळत, तर काही दिवस महाडला आणि काही दिवस फलटणला असं निभावू. लोक काय म्हणायचं ते म्हणोत, आवडीकाकूंना तेवढाच विरंगुळा. पण तू पुन्हा परस्पर ट्रक ठरवलास, तर मी पुन्हा निघून जाईन. आणि तुला हे मान्य नसेल तर ते तुझ्या तोंडून ऐकायचं आहे, कार्डावर नाही. सामान मग मी स्वतः भरेन.

ड्राफ्टवर सही घ्यायला तुझ्या टेबलाशी रांग असते, त्या रांगेत मी उभी राहीन आणि माझी पाळी आली की हा कागद तुझ्यापुढे ठेवीन. म्हणजे तू हे वाचतोयस तेव्हा मी समोर आहे. प्रश्न एकच आहे: क्लाससकट मी तुला हवी आहे का?

लिहून देऊ नकोस, तोंडानं सांग. लवकर सांग, माझ्यामागे माणसं खोळंबली आहेत.

शुभदा